तुलनेसाठी एक न घोरणारा माणूस

"मी घोरत नाही," सासरे म्हणाले आणि त्यांनी पेनाचं टोपण परत लावून टाकलं.

सूनबाईने त्यांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवलेला कागद तसाच राहिला. त्यावर एवढंच लिहिलं होतं, की माझ्या झोपेतल्या श्वासाचा आवाज संशोधनासाठी नोंदवायला माझी हरकत नाही. खाली सहीसाठी रेघ होती. सासऱ्यांनी ती रेघ सोडून बाकी सगळा कागद बारकाईने वाचला होता, शुद्धलेखनाच्या चुका सुधारल्या होत्या आणि एके ठिकाणी स्वल्पविरामसुद्धा घातला होता.

"बाबा, यात तुम्ही घोरता असं कुठेच म्हटलेलं नाही."

"विषय काय लिहिलाय वर? 'घोरण्याच्या आवाजावरून आजाराचं निदान.' याच्याखाली सही केली की मी घोरतो हे मी कबूल केलं. कोर्टात हा कागद कुणी दाखवला तर मी काय बोलणार?"

"कोर्टात कशाला कोण दाखवेल?"

"कागद काय, कुठेही जातो," सासरे म्हणाले आणि त्यांनी चहाचा घोट घेतला.

सासऱ्यांनी उभा जन्म कोर्टात लघुलेखक म्हणून काढला होता. साक्षीदाराच्या तोंडून शब्द बाहेर पडायचा अवकाश, तो यांच्या वहीत उतरलेला असायचा. माणसं बोलण्याच्या भरात काय काय कबूल करून बसतात, हे त्यांनी इतकं पाहिलं होतं की स्वतः मात्र विचारलं तेवढंच बोलायचे, आणि जे बोलायचे ते खरं असायचं.

"पुन्हा सुरू झालं का?" सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. त्या शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या आणि त्यांचा आवाज अजून निवृत्त झालेला नव्हता. "लग्न झाल्यापासून सांगतेय, हे घोरतात म्हणून. अगं, मी ऐकते ना रोज! याहून मोठा पुरावा काय हवा?"

"हितसंबंधी साक्षीदार," सासरे शांतपणे म्हणाले. "त्यात झोपलेला साक्षीदार. ही साक्ष टिकत नाही."

सूनबाईने कागद उचलला आणि मनातल्या मनात दात-ओठ खाल्ले. ती काही हौसेखातर सासऱ्यांच्या घोरण्यामागे लागली नव्हती. तिच्या पीएचडीचा जीव त्यात अडकला होता.

तिने एक प्रोग्राम तयार केला होता. झोपलेल्या माणसाजवळ मायक्रोफोन ठेवायचा. त्याच्या श्वासाचा आवाज ऐकून प्रोग्रामने सांगायचं, की हे साधं घोरणं आहे की झोपेत श्वास अडकण्याचा आजार. दवाखान्यात जाऊन, अंगाला वायरी लावून झोपणं सगळ्यांना कुठलं जमायला! घरातल्या घरात कळलं तर कितीतरी माणसं वेळेवर डॉक्टरकडे जातील, अशी तिची कल्पना होती, आणि ती चांगलीच होती. दवाखान्यात नोंदवलेल्या आवाजांवर प्रोग्राम उत्तम चालायचा. घरात आणला की बिघडायचा. मागच्या वेळी तिने तो गाईडसरांना त्यांच्याच घरी चालवून दाखवला, तेव्हा शेजारच्या स्वयंपाकघरात मिक्सर सुरू झाला आणि प्रोग्रामने लाल अक्षरांत जाहीर केलं, 'आजार गंभीर. तातडीने डॉक्टरांना दाखवा.'

"याला घरातलं खरं, अवघड घोरणं ऐकवा," सर म्हणाले होते. "दवाखान्यातलं सोपं आहे. एक तरी असा नमुना आणा, की ज्याने तो चक्रावेल. नाहीतर तुमचं काम तपासायला बाहेरच्या तज्ज्ञ बाई येतील तेव्हा तुम्हाला आणि मला दोघांनाही मान खाली घालावी लागेल."

आणि तसा नमुना सूनबाईच्या भिंतीपलीकडेच होता! लग्न होऊन ती या घरात आली तेव्हापासून रोज तो ऐकत होती. आधी उकळायला लागलेल्या किटलीसारखी बारीक शिट्टी. मग फरशीवरून लोखंडी कपाट ओढल्यासारखा आवाज. मग एकदम शांतता. ही शांतता इतकी लांबायची की उठून बघून यावंसं वाटायचं. आणि मग कुणीतरी पाण्यातून डोकं वर काढल्यासारखा जोरदार हुंकार. असला आवाज दवाखान्याच्या सगळ्या नोंदींत एकही नव्हता. त्या मधल्या शांततेचं तर तिला भयच वाटायचं. बाबांची तब्येत या शांततेत आहे, हे तिला कळत होतं. फक्त बाबांना ते पटत नव्हतं.

"फोन ठेवून दे ना त्यांच्या उशीखाली," नवरा म्हणाला. त्याचा स्वभाव मुळातच सोप्या वाटेचा होता. "त्यांना कळणार पण नाही."

"चोरून? विद्यापीठाची समिती आहे त्यासाठी. माणसाची परवानगी नसेल तर नमुना कचऱ्यात जातो. माझ्यासकट."

"मग दुसरा कुणीतरी घोरणारा बघ."

"दुसरा नकोय मला. हाच हवाय." ती म्हणाली, आणि नवऱ्याने ओळखलं की आता हे प्रकरण कुणाच्याही हातात राहिलेलं नाही.

तिला युक्ती सुचली ती भांडी पुसताना. ओला हात कपड्याला पुसत ती तडक सासऱ्यांसमोर जाऊन उभी राहिली.

"बाबा, प्रत्येक प्रयोगात निरोगी माणसंही लागतात. तुलनेसाठी. घोरणारे एका बाजूला, न घोरणारे दुसऱ्या बाजूला. मला या वयाचा एक न घोरणारा माणूस पाहिजे."

सासऱ्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "न घोरणारा."

"हो. सापडत नाहीये कुठे."

"असं कागदावर लिहिशील?"

"लिहीन की. 'स्वतःच्या सांगण्यानुसार घोरत नाही.'"

"'स्वतःच्या सांगण्यानुसार' कशाला? नुसतं 'घोरत नाही' लिही."

"बाबा, आवाज नोंदवल्याशिवाय तसं कसं लिहू? पुरावा नको का?"

हे मात्र सासऱ्यांना पटलं. त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि जन्मभर दुसऱ्यांचे जबाब टिपलेल्या त्या हाताने अशी काही सुरेख सही केली, की कागदाला शोभा आली. सूनबाईच्या मनाला थोडी टोचणी लागली. ती खोटं बोलली नव्हती, पण सगळं खरंही बोलली नव्हती. नमुना हातात आला की बाबांना सरळ सांगायचं आणि डॉक्टरकडे घेऊन जायचं, असं तिने स्वतःला बजावलं.

पहिला प्रयोग विभागातल्या प्रयोगशाळेत झाला. तिथे एका छोट्या खोलीत खाट, पडदे आणि छताला टांगलेला मायक्रोफोन होता. दुपारची जेवणं झाल्यावर सासरे इस्त्रीचे कपडे घालून आले, बूट काढून खाटेखाली जोडीने ठेवले आणि पाठीवर सरळ आडवे झाले. डोळे मात्र सताड उघडे.

"बाबा, डोळे मिटा ना."

"मिटतो. पण एक सांग, मध्येच झोप लागली आणि तुझ्या या यंत्राने भलतंच काही ऐकलं तर?"

"झोप लागावी म्हणूनच तर आलोय आपण!"

"मी सावध आहे, तू काळजी करू नको," ते म्हणाले, आणि खरोखरच सावध राहिले. न घोरण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय जागं राहणं हाच आहे, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. सगळी दुपार त्यांनी मायक्रोफोनला कोर्टातल्या गोष्टी सांगितल्या. एका साक्षीदाराने उलटतपासणीत स्वतःच्याच म्हशीचा रंग कसा बदलला, हे सांगताना ते खाटेवर उठून बसले. प्रोग्रामने तेवढ्यात सूनबाईच्या खुर्चीच्या करकरीला 'मध्यम स्वरूपाचा आजार' ठरवून टाकलं.

"घरी करा हे," सासूबाई ऐकून म्हणाल्या. "घरी डोकं टेकलं की झोपतात. आणि मग बघा!"

म्हणून मायक्रोफोन घरी आला. सूनबाईने तो सासऱ्यांच्या पलंगाशेजारी स्टुलावर बसवला. आता प्रश्न सासूबाईंचा होता. दुपारी त्याही त्याच पलंगावर झोपायच्या, आणि एका नमुन्यात दोन श्वास मिसळलेले चालत नव्हते.

"आई, थोडे दिवस तुम्ही दुपारी बाहेरच्या खोलीत पडाल का?"

"पडेन की. पण बाहेर मला झोप येत नाही. उजेड असतो, दार वाजतं."

"थोडेच दिवस."

"बरं. तुझ्या अभ्यासासाठी," सासूबाई म्हणाल्या आणि उशी घेऊन बाहेर गेल्या. निरोगी माणूस म्हणून कागद झाल्यामुळे सासरेही आता निर्धास्त होते. स्वतःच्या पलंगावर, स्वतःच्या उशीवर, ते डोकं टेकताच झोपले.

सूनबाई कानाला हेडफोन लावून भिंतीपलीकडे बसली. तिला श्वास ऐकू येत होता. आत, बाहेर. आत, बाहेर. एखादं बाळ झोपावं तसा. शिट्टी नाही, कपाट नाही, काही नाही. तासाभराने सासरे ताजेतवाने होऊन उठले आणि प्रोग्रामने हिरव्या अक्षरांत लिहिलं, 'निरोगी.'

"काय आलं?" सासऱ्यांनी विचारलं.

"अजून बघतेय," सूनबाई म्हणाली.

तिने आधी मायक्रोफोनवर संशय घेतला. दुसरा आणला. दुसऱ्या दुपारीही 'निरोगी'. मग वायर बदलली. मग स्टूल उशीच्या अगदी कानाशी आणलं. 'निरोगी', 'निरोगी'. सासऱ्यांनी तर आता रोज उठल्यावर निकाल विचारायचा आणि तो ऐकून मिशीतल्या मिशीत हसायचं, असा नेमच धरला. इकडे सासूबाई रोज दुपारी बाहेरच्या खोलीत टक्क जाग्या, डोळ्यांखाली काळं, आणि संध्याकाळी जांभयांवर जांभया.

"काय झालं तरी काय त्या प्रोग्रामला?" नवऱ्याने विचारलं.

"त्याला घोरणं ऐकूच येत नाहीये."

"की बाबा घोरतच नाहीत?"

सूनबाईने त्याच्याकडे अशा काही नजरेने पाहिलं, की त्याने पुढचा घास मुकाट्याने तोंडात घातला. आपण स्वतः कानांनी इतकी वर्षं ऐकतोय, आई सांगतायत, आणि एक प्रोग्राम म्हणतो नाही? तेव्हा चूक प्रोग्रामचीच. संशोधकाने हार मानायची नसते. तिने बाह्या सरसावल्या आणि प्रोग्राम उघडून त्याचं पोट चिरलं. इथे थोडं जास्त संवेदनशील केलं, तिथे एक अट काढली, मग ती अट काढल्यामुळे तिसरीकडे जे कोसळलं ते सावरायला चौथीकडे टेकू दिला. तिच्या दुरुस्त्यांचा वेग असा होता, की आठवडा संपायच्या आत एका चांगल्या प्रोग्रामचं पार वाटोळं झालं. आता तो सासऱ्यांना 'निरोगी' म्हणायचाच, पण मिक्सरलाही 'निरोगी' म्हणायचा, आणि दवाखान्यातले खरेखुरे आजारीही त्याच्या मते ठणठणीत होते.

अशा वेळी तज्ज्ञ बाईंच्या येण्याचा दिवस उजाडला.

"जुना प्रोग्राम आहे ना?" सरांनी फोनवर विचारलं. "मिक्सरवाला?"

"आहे, सर."

"तोच चालवा. निदान काहीतरी बोलायचा तरी तो."

सूनबाईने सगळ्या दुरुस्त्या पुसल्या आणि जुना प्रोग्राम जसाच्या तसा परत घातला. नमुना नाही तर नाही. जे आहे ते उभं राहून सांगायचं, प्रश्नांना तोंड द्यायचं, आणि बाईंनी परत पाठवलं तर पुन्हा यायचं. तिने केस घट्ट बांधले.

सभागृहात यायला सासरे एका पायावर तयार होते. एकमेव न घोरणारा माणूस म्हणून आपला उल्लेख होणार, याची त्यांना खात्री होती. सासूबाईही आल्या. "सून बोलणार आणि मी घरी बसू?" दोघं पहिल्या रांगेत बसले. त्यांच्या मागच्या रांगांत प्राध्यापक, विद्यार्थी आणि अगदी मधोमध तज्ज्ञ बाई, हातात पेन्सिल घेऊन. व्यासपीठावर टेबलाच्या कडेला मायक्रोफोन. प्रोग्राम चालू, आणि त्याची रेघ मागच्या मोठ्या पडद्यावर सपाट धावत होती. बोलून झालं की प्रात्यक्षिक म्हणून दवाखान्यातले आवाज ऐकवायचे, असं ठरलं होतं.

आधी सरांनी प्रास्ताविक केलं. सर विद्वान होते, आणि प्रास्ताविक करताना तर ते आणखीनच विद्वान व्हायचे. ध्वनी म्हणजे काय, इथून त्यांनी सुरुवात केली. त्यांचा आवाज मऊ होता, पडदे ओढलेले होते, खुर्च्यांना गाद्या होत्या.

सूनबाई व्यासपीठावर बाजूच्या खुर्चीत बसून आपलं पहिलं वाक्य घोकत होती. इतक्यात सभागृहात एक बारीक शिट्टी वाजली.

ही शिट्टी तिने हजारांत ओळखली असती! मागोमाग फरशीवरून लोखंडी कपाट ओढलं गेलं. मागच्या पडद्यावरची रेघ झोपेतून उठल्यासारखी उसळली. सरांचं बोलणं थांबलं. आणि मग सगळ्या सभागृहात ती शांतता पसरली. लांब, आणखी लांब. पडद्यावर लाल अक्षरं उमटली, 'आजार गंभीर. श्वास थांबतो आहे.' पाठोपाठ पाण्यातून डोकं वर काढल्यासारखा हुंकार.

"बाबा!" असं सूनबाईच्या ओठांवर आलं आणि तिने पहिल्या रांगेकडे पाहिलं.

सासरे ताठ बसले होते. डोळे उघडे, चेहरा सावध, हात मांडीवर. त्यांच्या शेजारी सासूबाईंची मान छातीवर पडली होती, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता, आणि त्यांच्या अर्धवट उघड्या तोंडातून पुढची शिट्टी नुकतीच निघत होती.

आजवरची प्रत्येक 'निरोगी' दुपार सूनबाईच्या डोळ्यांपुढून सरकली.

"कुणाचा आहे हा आवाज?" तज्ज्ञ बाई उभ्या राहिल्या होत्या. मागून त्यांना नुसत्या पाठमोऱ्या खुर्च्या दिसत होत्या. "विलक्षण नमुना आहे! कोण आहे ते?"

माना उंचावल्या गेल्या. कुजबूज सुरू झाली. आणि तेव्हा सासरे उठून उभे राहिले. उठता उठता त्यांनी गुडघ्याने शेजारच्या खुर्चीला हलकेच ढोसलं.

"मी," ते मागे वळून स्पष्ट आवाजात म्हणाले. "माफ करा. जरा डोळा लागला. मी घोरत होतो."

हे वाक्य संपायच्या आत लोखंडी कपाट पुन्हा ओढलं गेलं. सासऱ्यांनी तोंडापुढे हात धरून प्रचंड मोठा खोकला काढला, आणि तो कपाटाचा आवाज संपेपर्यंत नेटाने चालू ठेवला. सूनबाईने त्यांना दुसरा गुडघा मारतानाही पाहिलं. सासूबाई दचकून सरळ झाल्या, चष्मा वर केला, आणि सगळं सभागृह आपल्या नवऱ्याकडे बघतंय हे पाहून त्यांच्याकडेच बघत राहिल्या.

पुढचा तास कसा गेला ते सूनबाईला नीटसं कळलं नाही. ती बोलली, एवढं खरं. चांगलं बोलली म्हणे. तज्ज्ञ बाईंनी पडद्यावरची रेघ पुन्हा पुन्हा मागवली. "प्रोग्रामने हा पहिल्या फटक्यात पकडला! हा नमुना प्रबंधात घाला. आणि तुमच्या सासऱ्यांना लवकर डॉक्टरकडे न्या. ती मधली शांतता चेष्टेवारी नेण्यासारखी नाही."

बाहेरच्या लांब व्हरांड्यात सासूबाई चढ्या आवाजात विजय साजरा करत होत्या. "इतकी वर्षं घसा कोरडा केला मी! आणि आता एवढ्या लोकांसमोर! आता तरी मान्य आहे ना?"

"मान्य आहे," सासरे म्हणाले.

"मी पाणी पिऊन येते," म्हणत सासूबाई निघून गेल्या.

सूनबाईने सासऱ्यांना जिन्याजवळ गाठलं. "बाबा, मी व्यासपीठावर होते. मला दिसलं."

"काय दिसलं ते जबाबात येऊ देऊ नकोस."

"तुम्हाला माहीत होतं?"

"लग्नाच्या पहिल्या आठवड्यापासून."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"एके दिवशी सकाळी उठल्या उठल्या तीच म्हणाली, तुम्ही किती घोरता हो! इतक्या ठामपणे म्हणाली की मी बघतच राहिलो. आता नव्या नवरीला काय सांगायचं? मी म्हटलं, मी घोरत नाही. ते खरं होतं. कोण घोरतं, हे मला कधी कुणी विचारलंच नाही."

सूनबाईला हसू आवरेना, पण ते फार वेळ टिकलं नाही. "बाबा, पण त्या शांततेत श्वास अडकतो. आईंचा. ते धोक्याचं असतं. तुमच्या नावावर हा नमुना गेला तर डॉक्टर तुम्हाला तपासतील आणि घरी पाठवतील. आईंचं तसंच राहील."

सासऱ्यांनी कठडा धरला. "मला वाटायचं, ती तिची पद्धत आहे. मी त्या वेळी जागाच असतो. तिचा पुढचा श्वास येईपर्यंत मला झोप येत नाही. आला की झोपतो." मग ते म्हणाले, "सांग तिला. आजच सांग. फक्त मला माहीत होतं, हे सांगू नको. तिला फार लागेल."

घरी आल्यावर सूनबाई स्वयंपाकघरात गेली. सासूबाई भाजी चिरत होत्या. कुठून सुरुवात करावी हे तिला सुचेना. तज्ज्ञ बाईंसमोर उभं राहणं सोपं होतं.

"आई, तो सभागृहातला आवाज..."

"माझा होता," सासूबाई म्हणाल्या. सुरी थांबली नाही.

"तुम्हाला माहीत होतं?" सूनबाईने ओट्याशी येत विचारलं.

"बहीण माझ्या खोलीत झोपायची नाही लहानपणापासून. म्हणायची, तुझ्या शेजारी झोपण्यापेक्षा गोठ्यात झोपेन. लग्न ठरलं तेव्हा जीव नुसता टांगणीला! पहिल्याच आठवड्यात एकदा जाग आली तर हे टक्क जागे, माझ्याकडे बघतायत. सकाळी हे काही बोलायच्या आत मीच बोलून टाकलं." त्यांनी चिरलेली भाजी भांड्यात लोटली. "एकदा बोलल्यावर मागे कसं घेणार? मुख्याध्यापिका मी!"

"आणि आज?"

"आज जाग आली तेव्हा हे उभे होते. मीच घोरत होतो, असं सांगितलं म्हणे सगळ्यांना. तेव्हा कळलं, यांना पहिल्या दिवसापासून माहीत आहे." सासूबाईंनी हाताच्या मागच्या बाजूने डोळे पुसले. भाजीत कांदा नव्हता. "आण तो कागद. करते सही. जिथे तपासायला न्यायचं तिथे ने. पण मला कळलंय हे त्यांना कळता कामा नये. इतक्या लोकांसमोर माझ्यासाठी खोटं बोलले ते. आयुष्यात पहिल्यांदा. त्याची किंमत राहू दे."

सूनबाईने कागद आणला. आता तिच्याजवळ दोन सह्या होत्या आणि पोटात दोन गुपितं, एकमेकांकडे पाठ करून बसलेली. पण जो माणूस एवढा प्रबंध ओढत इथवर आणतो, तो डॉक्टरांची एक भेटही जुळवून आणतो. तिने डॉक्टरांना आधीच गाठून सगळं सांगितलं. मग दोघांना एकदमच नेलं. सासरे पेशंट म्हणून गेले, सासूबाई तुलनेसाठी निरोगी बाई म्हणून. डॉक्टरांनी चेहरा सरळ ठेवून दोघांनाही वायरी लावल्या, आणि नंतर गंभीरपणे सांगितलं, की काका उत्तम आहेत, पण काकूंना वयोमानाने थोडी काळजी घ्यावी लागेल. नाकावर लावून झोपायचं एक छोटं यंत्र त्यांनी लिहून दिलं.

"घशाला कोरड पडते ना, त्यासाठी," सासूबाईंनी घरी येऊन सांगितलं.

"हो हो, कोरड वाईट," सासरे म्हणाले.

प्रबंध मंजूर झाला. त्यातला तो नमुना आज एका अनामिक महिलेच्या नावावर आहे, आणि तज्ज्ञ बाईंच्या मते तोच त्या प्रबंधातला सर्वांत सुंदर भाग आहे. ज्या काकांचं कौतुक करायला त्या पुन्हा उत्सुक होत्या, त्यांचं नाव तिथे का नाही, हे सूनबाईने त्यांना एकांतात सांगितलं. बाई खो खो हसल्या.

भिंतीपलीकडची खोली शांत झाली. इतकी शांत, की पहिल्या काही दिवसांत सूनबाईलाच चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. जेवणाच्या टेबलावर तर अवघडच झालं. सासूबाईंना नवऱ्यावर ओरडायला काही उरलं नव्हतं, आणि सासऱ्यांना नाकारायला काही उरलं नव्हतं. दोघं एकमेकांना भलत्याच आदराने मीठ देत होते. नवरा म्हणाला, "यांचं भांडण झालंय का?"

मग एका दुपारी सूनबाई आपल्या खोलीत बसली होती, तेव्हा भिंतीपलीकडून सासूबाईंचा जुना, ठणठणीत, शाळेच्या मैदानापर्यंत पोचणारा आवाज आला.

"अहो, झोपेत बडबडता तुम्ही हल्ली!"

सूनबाईने भिंतीला कान लावला.

"मी?" सासरे म्हणाले. त्यांच्या आवाजात कित्येक दिवसांनी जीव आला होता. "मी झोपेत बोलत नाही."

"बोलता! आज तर चक्क उलटतपासणी घेत होता कुणाची तरी!"

"पुरावा काय?"

"मी ऐकलं ना या कानांनी!"

"हितसंबंधी साक्षीदार..."

नवऱ्याने पुस्तकातून डोकं वर काढलं. "काय गं, खरंच बोलतात का बाबा झोपेत? तुझा मायक्रोफोन ठेवून बघायचा एकदा?"

सूनबाई उठली, कपाट उघडलं, मायक्रोफोन त्याच्या वायरीसकट एका डब्यात भरला आणि डबा सर्वांत वरच्या फळीवर, हात पोचणार नाही इतका आत ढकलून दिला.

"तो विषय," ती म्हणाली, "दुसऱ्या कुणीतरी घ्यावा."